एका क्लबची हंगामवही

(द्वितीय वर्ष कला)

पनवेलहून हार्बर लोकलने निघाले की खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स ही स्टेशने मागे पडतात आणि नेरूळ येते. तेथील डी. वाय. पाटील स्टेडियम क्रिकेटमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. मी मात्र तेथे प्रथम गेलो तो फुटबॉलचा सामना पाहण्यासाठी. दिवस होता 18 ऑक्टोबर 2014. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. माझे मामा पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो चालवीत असत. त्यांना कोणीतरी दोन तिकिटे दिली होती. आमच्या घरात खेळ म्हणजे अंगणातली कबड्डी, फार तर टी.व्ही.वरचे क्रिकेट. फुटबॉल कोणी पाहिलेलासुद्धा नव्हता. सामना मुंबई सिटी विरुद्ध पुणे सिटी असा होता. आम्ही पनवेलकर या दोन शहरांच्या मधल्या वाटेवर राहणारे, त्यामुळे कोणाची बाजू घ्यावी हे मी मामांनाच विचारले. मामा म्हणाले, "आपण लोकलने आलो ना? मग मुंबई."

त्या संध्याकाळी मुंबईने 5–0 असा विजय मिळविला. आंद्रे मोरित्झ या ब्राझीलच्या खेळाडूने तीन गोल केले. इंडियन सुपर लीग या स्पर्धेतील ती पहिलीच हॅट्‌ट्रिक होती, हे मला फार नंतर कळले. त्या दिवशी कळले ते एवढेच की, ही मंडळी पुन्हा केव्हा खेळणार हे आपल्याला माहीत असले पाहिजे. मी शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख आणि निकाल लिहिला. पुढे त्या पानाची वही झाली. वहीत रेघा मारून रकाने केले: हंगाम, सामने, गुण, क्रमांक आणि शेरा. आज त्या वहीत अकरा हंगाम पूर्ण झालेले आहेत. प्रस्तुत लेखात मी ती वही वाचकांपुढे उघडी करीत आहे. फुटबॉल न पाहणाऱ्या मित्रांनाही ती वाचता यावी असा माझा प्रयत्न आहे.

हंगाम म्हणजे काय?

आमच्या आजोबांच्या तोंडी हंगाम हा शब्द भाताच्या संदर्भात येई. फुटबॉलमधील हंगाम फारसा वेगळा नाही. स्पर्धेतील प्रत्येक संघ इतर संघांशी ठरलेल्या वेळा खेळतो. जिंकल्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास एक, हरल्यास काही नाही. शेवटी बेरीज करून क्रमांक लावतात. पुढच्या वर्षी सर्वांची पाटी कोरी होते व पुन्हा शून्यापासून आरंभ होतो. आपल्याकडील स्पर्धेत याला एक जोड आहे. गुणतक्त्यातील वरचे संघ नंतर बाद फेरी खेळतात आणि अंतिम सामना जिंकणारा संघ करंडक नेतो. म्हणजे वर्षभर पहिला राहिलेला संघ शेवटच्या आठवड्यात रिकाम्या हाताने घरी जाऊ शकतो. आपल्या परीक्षांच्या भाषेत सांगायचे, तर सर्व चाचण्यांत पहिला आलेला विद्यार्थी तोंडी परीक्षेत नापास होण्यासारखेच हे आहे.

युरोपात, विशेषतः इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये, जुन्या क्लबांचा इतिहास असाच हंगामवार लिहिण्याची पद्धत आहे. स्कॉटलंडमधील सर्वांत जुना क्लब क्वीन्स पार्क 1867 मध्ये ग्लासगो शहरात स्थापन झाला. त्याने स्कॉटिश कप दहा वेळा जिंकला, त्यांतील शेवटचा 1893 मध्ये. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, पण हा कप त्याला पुन्हा मिळालेला नाही. खेळाडूंना पैसे द्यावयाचे नाहीत हा नियम त्याने 2019 पर्यंत पाळला. साहजिकच चांगले खेळाडू दुसरीकडे गेले आणि क्लब खालच्या श्रेणींत उतरला. तिकडे लीगच्या एकाखाली एक श्रेणी असतात. खराब खेळलेला संघ एक पायरी खाली जातो, चांगला खेळलेला वर येतो. क्वीन्स पार्क पायऱ्या उतरला, पुन्हा चढला, पण त्याची यादी तुटली नाही. ही गोष्ट मनात ठेवून आता माझ्या वहीकडे वळू.

वहीतील ओळी

2014: 14 सामने, 16 गुण, सातवा.
2015: 14 सामने, 16 गुण, सहावा.
2016: 14 सामने, 23 गुण, पहिला.
2017–18: 18 सामने, 23 गुण, सातवा.
2018–19: 18 सामने, 30 गुण, तिसरा.
2019–20: 18 सामने, 26 गुण, पाचवा.
2020–21: 20 सामने, 40 गुण, पहिला.
2021–22: 20 सामने, 31 गुण, पाचवा.
2022–23: 20 सामने, 46 गुण, पहिला.
2023–24: 22 सामने, 47 गुण, दुसरा.
2024–25: 24 सामने, 36 गुण, सहावा.

आता शेऱ्याचा रकाना पाहू.

2014 च्या पहिल्या हंगामात आठ संघ होते. मुंबईचा पहिला सामना 12 ऑक्टोबरला कोलकात्यात झाला व आपण 0–3 असे हरलो. सहा दिवसांनी नेरूळचा तो विजय मिळाला. परंतु त्या एका विजयाने हंगाम सुधारला नाही. आठांत सातवा क्रमांक आला. 2015 मध्ये फ्रान्सचा निकोलस अनेल्का स्वतः खेळाडू आणि स्वतःच प्रशिक्षक होता. त्या वर्षी सुनील छेत्री आपल्याकडे होता. 28 ऑक्टोबरला नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक केली. या स्पर्धेत ती करणारा तो पहिला भारतीय. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच गोव्यात आपण 0–7 असे हरलो. हे दोन्ही निकाल एकाच संघाचे आहेत यावर त्या वेळी माझा विश्वास बसेना.

2016 पासून क्लबचे घर बदलले. नेरूळ सुटले आणि सामने अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात होऊ लागले. पनवेलच्या मुलाला नेरूळ सहा स्टेशनांवर होते. अंधेरी म्हणजे दुसरा देशच. तेव्हापासून माझा क्लब टी.व्ही.वर आणि पुढे मोबाइलवर राहिला. गंमत अशी की, मी दूर गेलो त्याच वर्षी क्लब सुधारला. प्रशिक्षक अलेक्झांद्रे गुइमारायस आले, उरुग्वेचा दिएगो फोर्लान आला. हा फोर्लान 2010 च्या विश्वचषकातील सर्वोत्तम खेळाडू ठरलेला होता. आपण गुणतक्त्यात पहिले आलो. परंतु उपांत्य फेरीत कोलकात्याने दोन सामने मिळून 3–2 असे हरविले आणि पहिल्या क्रमांकाला काहीच मिळाले नाही. त्यासाठी ढाल देण्याची पद्धत 2019–20 मध्ये सुरू झाली.

येथे वहीतील एक गोष्ट वाचकांच्या नजरेस आणावीशी वाटते. 2016 मध्ये 23 गुणांवर आपण पहिले होतो आणि पुढच्याच हंगामात त्याच 23 गुणांवर सातवे. कारण असे की, संघ आठाचे दहा झाले आणि सामने चौदाचे अठरा झाले. आकडा तोच राहिला, त्याची किंमत उतरली. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी रुपयाच्या किमतीचा धडा शिकविला तेव्हा मला ही ओळ आठवली. यावरून मी शिकलो की, नुसता गुणांचा रकाना वाचू नये, शेजारी सामन्यांचा रकानाही पाहावा.

2018–19 मध्ये पोर्तुगालचे जॉर्ज कॉस्टा प्रशिक्षक होते. सेनेगलच्या मोदू सुगूने केरळविरुद्ध एकट्याने चार गोल केले. तिसरा क्रमांक आला. मात्र उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात गोव्याने मुंबईत येऊन 5–1 असे हरविले. 2019–20 मध्ये पाचवा क्रमांक आला. बाद फेरीत चौघेच जात, म्हणजे एक पायरी कमी पडली. त्या हंगामाची खरी बातमी मैदानाबाहेरची होती. इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर 2019 मध्ये क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला.

2020–21 चा हंगाम साथीच्या काळातला. सगळे सामने गोव्यातच, प्रेक्षकांविना झाले. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा पूर्वी गोव्याच्या संघाचे होते आणि त्यांचे कित्येक खेळाडूही त्यांच्या मागोमाग मुंबईकडे आले होते. शेवटच्या साखळी सामन्यात एटीके मोहन बागानला 2–0 असे हरविल्यामुळे दोघांचेही 40 गुण झाले. परस्परांतील सामने मुंबईने जिंकलेले असल्यामुळे ढाल आपल्याला मिळाली. 13 मार्च 2021 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर पुन्हा तोच प्रतिस्पर्धी होता. 1–1 अशी बरोबरी असताना नव्वदाव्या मिनिटाला मणिपूरच्या बिपिन सिंगने गोल केला. एकाच हंगामात ढाल आणि करंडक दोन्ही मिळविणारा मुंबई हा पहिला संघ ठरला.

त्यानंतरचे हंगाम थोडक्यात सांगतो. 2021–22 मध्ये देशात पाचवे आलो, पण एप्रिल 2022 मध्ये रियाध येथे इराकच्या एअर फोर्स क्लबला 2–1 असे हरविले. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब होय. 2022–23 मध्ये सलग अठरा सामने न हरता 46 गुणांसह ढाल मिळविली. उपांत्य फेरीत मात्र बेंगळुरूने पेनल्टींवर 9–8 असे काढले. मुंबईतील पहिल्या सामन्यात बेंगळुरूचा एकमेव गोल कोणी केला? आपल्याच जुन्या सुनील छेत्रीने. 2023–24 मध्ये उलटे झाले. शेवटच्या सामन्यात मोहन बागानकडून 1–2 असे हरून ढाल एका गुणाने गेली आणि एकोणीस दिवसांनी, 4 मे 2024 रोजी, त्याच मैदानावर त्याच संघाला 3–1 असे हरवून करंडक आला. 2024–25 मध्ये सहावा क्रमांक आणि बेंगळुरूकडून 0–5.

येथपर्यंतची कथा कोणत्याही क्लबची असू शकते. चढ आहे, उतार आहे. माझ्या मनात मुख्य प्रश्न आहे तो बाराव्या ओळीचा.

ज्यांच्या वह्या बंद झाल्या

अकरावीत असताना मला वाटले की, मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास 2014 पासून कसा सुरू होईल? म्हणून मागे जाऊन शोधू लागलो. तेव्हा महिंद्राचा संघ सापडला. 1962 मध्ये कंपनीने तो उभा केला. पुढे त्याचे नाव महिंद्र युनायटेड झाले. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया असे कंपन्यांचे संघ मुंबईच्या हार्वूड लीगमध्ये खेळत आणि कूपरेजचे मैदान हे त्यांचे केंद्र होते. चांगला खेळणाऱ्या मुलाला कंपनीत नोकरी लागे. गरीब घरातील मुलाने खेळात आयुष्य घालविण्याचा तो एक सरळ रस्ता होता. आपल्या रायगडमधील कबड्डीपटूंना हे वेगळे सांगावयास नको.

महिंद्र युनायटेडने 2003 आणि 2005 मध्ये फेडरेशन कप जिंकला. 2005–06 मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली हा संघ राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता झाला. मुंबईने देशाची लीग जिंकली ती तेव्हा. आणि 2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला. यादी तेथेच थांबते.

दुसरा क्लब मुंबई एफसी. स्थापना 2007 ची. 2008–09 पासून देशाच्या वरच्या श्रेणीत खेळू लागला. मोठा करंडक कधी मिळाला नाही, पण वर्षानुवर्षे टिकून राहिला. महिंद्र युनायटेडकडून खेळलेले खालिद जमील यांनी 2009 ते 2016 या काळात या संघाला मार्गदर्शन केले. 2016 मध्ये ते मुंबई सोडून मिझोरामच्या ऐझॉल क्लबकडे गेले. पुढच्याच हंगामात ऐझॉलने आय-लीग जिंकून साऱ्या देशाला चकित केले आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या श्रेणीत ढकलला गेला. क्वीन्स पार्क अशा वेळी खालच्या श्रेणीत जाऊन खेळला असता. मुंबई एफसी खाली उतरला नाही. त्याने दुकानच बंद केले. हेच जमील ऑगस्ट 2025 मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. महिंद्र युनायटेड आणि मुंबई एफसी हे त्यांचे दोन्ही क्लब आज नाहीत.

पुण्याची कथा याहून निराळी नाही. भारत एफसी आय-लीगमध्ये 2014–15 हा एकच हंगाम खेळला. पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजीयन्स 2017 मध्ये गेला. आणि मी नेरूळला ज्यांना 5–0 असे हरताना पाहिले तो पुणे सिटी 2019 मध्ये बंद झाला. आठ वर्षांचा असताना त्यांची फजिती पाहून मी टाळ्या पिटल्या होत्या. आता वाटते, हरलेला संघ पुढच्या वर्षी परत यावा म्हणून तरी असावा.

वडिलांचा प्रश्न

माझे वडील सातवीपर्यंत शिकलेले. त्यांना फुटबॉल समजत नाही, पण एका रात्री त्यांनी माझी वही हातात घेतली आणि पाने उलटली. महिंद्रचे पान पाहून विचारले, "हे पुढं कोरं का?"

मी म्हणालो, "बाबा, कंपनीने टीम बंद केली."

"हरत होती का?"

"नाही. चार वर्षांपूर्वीच देशात पहिली आली होती."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमचंपण तसंच झालं की. माल काय खराब निघत होता?"

वडील तळोज्याच्या एका कारखान्यात एकवीस वर्षे होते. टाळेबंदी उठली, पण तो कारखाना पुन्हा उघडला नाही. फाटकावर कागद लागला, त्यावर 'अनिश्चित काळासाठी' असे शब्द होते. मी तेव्हा नववीत होतो. माझ्या वहीतील सर्वांत चांगली ओळ, 2020–21 ची, त्याच वर्षीची आहे. बिपिन सिंगचा गोल मी मोबाइलवर आवाज बंद करून पाहिला, कारण घरात ओरडण्यासारखी परिस्थिती नव्हती.

ते दोन शब्द मला पुन्हा भेटले ते 2025 मध्ये. इंडियन सुपर लीग चालविणाऱ्या कंपनीचा आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा करार डिसेंबर 2025 मध्ये संपत होता. नवा करार होईना, म्हणून जुलैमध्येच हंगाम स्थगित झाला. ऑगस्टमध्ये बेंगळुरूच्या क्लबने खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबविले. स्पर्धेचे हक्क घेण्यासाठी महासंघाने निविदा काढल्या, तर एकही बोली आली नाही. डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतील आपला हिस्सा सोडून दिला. अखेर जानेवारी 2026 मध्ये घोषणा झाली की, हंगाम 14 फेब्रुवारीपासून भरेल. माझ्या वहीत बाराव्या ओळीसाठी 2025–26 हे आकडे जुलैपासून लिहून ठेवलेले होते. त्यांच्यापुढचे रकाने सात महिने रिकामे राहिले.

या काळात मी स्वतःला विचारले की, मला नेमकी भीती कशाची वाटते? संघ हरेल याची नाही. 0–7 पाहिले, 1–5 पाहिले, 0–5 पाहिले. शेरा लिहून पुढच्या ओळीवर गेलो. भीती होती ती पुढची ओळच नसण्याची.

असे का होते?

माझ्या अल्प बुद्धीला जी कारणे दिसतात ती मांडतो. पहिले म्हणजे, आपल्याकडे क्लब हा बहुधा कोणाच्यातरी खर्चाचा एक रकाना असतो. कंपनीचे धोरण बदलले की तो रकाना खोडला जातो. त्यासाठी संघाने हरण्याची गरज नसते. दुसरे म्हणजे, खाली उतरण्याची पायरी आपल्याकडे धड बांधलेली नाही. वरची श्रेणी गेली की प्रेक्षक, प्रक्षेपण, जाहिराती सगळेच एकदम जाते, आणि खाली राहून जगता येईल अशी सोय नसते. तिसरे कारण आपण प्रेक्षक आहोत. मैदान बदलले की आपला संबंध तुटतो. मी स्वतः अंधेरीला एकदाही गेलो नाही हे कबूल केले पाहिजे.

याउलट उदाहरण दूर शोधायला नको. कोल्हापूरला तालमींचे आणि पेठांचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब ही नावे तेथे घराघरांत माहीत असतात. देशाच्या लीगमध्ये ते नसतील, पण त्यांचा मालक म्हणजे पेठ आहे आणि पेठ स्थलांतर करीत नाही. शाहू मैदानावरचा सामना हरलेला संघ दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत राहतो. क्वीन्स पार्कने ग्लासगोत जे टिकविले त्याच्या जवळ जाणारे आपल्याकडे काही असेल, तर ते हे.

वडिलांनी वही परत देताना विचारले होते, "यातून मिळणार काय तुला?" त्या वेळी उत्तर सुचले नाही. आज एवढे म्हणेन की, संघ बंद झाला तर त्याचे करंडक कोठल्यातरी कचेरीच्या कपाटात राहतात. पण त्याचे सातवे, सहावे, पाचवे क्रमांक कोणी सांभाळत नाही. महिंद्रच्या विजेतेपदाचे वर्ष मला सहज मिळाले. त्यांच्या साध्या, मधल्या वर्षांची माहिती गोळा करताना मात्र नाकी नऊ आले. वडिलांच्या कारखान्यातील एकवीस वर्षांचीही कोठे वही नाही. म्हणून मी क्लबच्या वहीच्या मागच्या बाजूने दुसरी वही सुरू केली आहे. तिच्यात रकाने आहेत: वर्ष, खाते, पगार, शेरा. वडील सांगतात आणि मी लिहितो. आतापर्यंत नऊ ओळी झाल्या आहेत.